कलम चौदा

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर आज टर्बाइन वर काढलं.
तीन पाती, आणि पात्यांवर
शिंपल्यांनी न विचारता केलेली वस्ती.
इंगा फाउबिस्टर पालथी पडून खरवडते आहे,
चिमट्याने एकेक शिंपला बाटलीत, बाटलीवर तारीख.
कंपनीचा अर्लेंड ड्रेव्हर घड्याळ बघतो:
क्रेनचं भाडं तासावर आहे.

मी विद्यापीठाच्या करार-कचेरीत बसते.
यांच्या सोयरिकीची सत्तेचाळीस पानं
माझ्याच हातून गेली.
पैसा कुणाचा, यंत्र कुणाचं,
पाण्याखालच्या माइकने जे ऐकलं ते कुणाचं.
कलम चौदा: निष्कर्ष छापण्याआधी
नव्वद दिवस कंपनीला वाचायला द्यावेत.
नव्वदचे पुन्हा नव्वद होऊ शकतात, हेही मीच लिहिलं,
एका मंगळवारी, सँडविच खाता खाता.

माइकने ऐकलं होतं काय, तर
पाणी उलटण्याआधी थबकतं, पाती थांबतात,
त्या बावीस मिनिटांत सील माद्या
पिलांना घेऊन सामुद्रधुनी ओलांडतात.
पाती पुन्हा फिरू लागतात तेव्हा
सगळ्या ओलांडून झालेल्या नसतात.

इंगा म्हणाली, दहा मिनिटं उशिरा सुरू करा.
अर्लेंडने तिथेच, हातमोज्याच्या पाठीवर, हिशेब मांडला:
घरं काही अंधारात जात नाहीत, पण
वर्षाला इतके इतके पौंड पाण्यात.
मग गप्प झाला.
त्याचा बाप याच पाण्यात खेकड्यांचे पिंजरे टाकायचा
आणि भरती कधी फिरणार हे
तक्ता न बघता, मानेवरच्या वाऱ्यावरून सांगायचा.

दुसरे नव्वद दिवस गुरुवारी संपतात.
काल अर्लेंडचा फोन. इंगाला नाही, मला.
"दहा मिनिटं सोडतोय, दोन आठवडे झाले.
वर कळवलंय, बेअरिंग तापतंय म्हणून.
हे तुझ्या कागदात कुठे बसतं?"

आमच्या बेटांवर झाड तग धरत नाही,
वारा मुळासकट नेतो.
कलम म्हणजे एकाच्या अंगावर चीर पाडून
दुसऱ्याला तिथे घट्ट बांधायचं
आणि वाट बघायची,
हे मी फक्त वाचलेलं.

कुठेच बसत नाही, म्हटलं.
फोन ठेवला. चहा गार झाला होता.
ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि
कलम चौदाच्या समासात
उद्याच्या भरतीची वेळ लिहिली,
पुढे अधिक दहा.