टॉवेलाखाली

मार्केट यार्डात माझं काम तारांचं.
कमरेला क्रिम्पर, खिशात टेस्टर,
आणि हळद अशी की संध्याकाळी शिंकलो
तरी रुमाल पिवळा.

पहिल्याच दिवशी मगदूम अडत्यांनी विचारलं,
"नदाफ, नेटवर्क म्हंजे नक्की काय रं?"
मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी
खांद्यावरचा टॉवेल माझ्या मनगटावर टाकला,
खाली माझी दोन बोटं धरली, दाबली,
अंगठ्याच्या पेरावर एक टिचकी.
"समजलं?"
नाही म्हणालो.
"शेजारच्यालाबी न्हाई समजलं. झालं की मग.
आमचा बाप असाच हळद विकायचा.
हात दोन. तिसऱ्याला नुसता टॉवेल."

दोन यंत्रं, थेट जोड, वर पासवर्ड.
माझ्या कानातला ब्लूटूथ तरी
खिशातल्या फोनशी वेगळं काय करतो,
हातभर अंतरावर?

मग त्यांच्या पेढीत लॅन टाकलं.
काटा दारात, बिलाचा संगणक गादीजवळ,
प्रिंटर तिजोरीच्या डोक्यावर,
पद्मावतीच्या तसबिरीखाली स्विच,
आणि सगळ्यांच्या तारा त्याच्या पायाशी.
एक तुटली तर एकच मुका होतो,
बाकीचे बोलत राहतात.
एका पिनेत आठ तारा:
केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी.
इथं नवशिका चुकतो.
निळीनंतर निळी-पांढरी.
हिरवी मागाहून येते,
लग्नातल्या रुसलेल्या मामासारखी.
शेवटी दोन तपकिरी.

वायफायचं मात्र वर्गात कुणी सांगितलं नव्हतं:
मार्चमध्ये पोत्यांच्या थप्प्या चढल्या
की सिग्नल उतरतो.
चौथ्या थप्पीशी दमून बसतो, हमालाच्या आधी.

सांगली, मिरज, कुपवाड.
तीन गावं, एक महापालिका,
आणि मिरजेच्या दवाखान्यांतून कुपवाडच्या कारखान्यांपर्यंत
खांबाखांबांवरून गेलेली एक काळी फायबर.
"शहरभरच्या जाळ्याला मॅन म्हणतात," मी सांगितलं.
"मॅन? म्हंजे माणूस?"
मी म्हणालो, नाही.
मग म्हणालो, असू दे.

त्याच्या पलीकडं वॅन.
निजामाबादचा भाव, इरोडचा भाव,
सकाळी दहाला पडद्यावर हजर.
मगदूम चष्मा कपाळावर सारून बघायचे:
"ह्यो कुणाच्या टॉवेलाखालनं आला?"

एका मंगळवारी पाण्याच्या पाइपासाठी
कुणीतरी जेसीबी लावला, आणि फायबर गेली.
ऑनलाइन सौदे थांबले.
सगळे ओरडले, नेट गेलं, सगळं गेलं.
सगळं गेलं नव्हतं.
काटा वजन धाडत होता, प्रिंटर खडखडत होता,
पेढीचा पेढीशी संवाद नीट चालला होता.
फक्त जग बंद होतं.

कडेगावच्या शेवंताबाई
बावीस पोत्यांवर बसून होत्या.
मगदूम उठले. ओट्यावर गेले.
टॉवेल हातावर टाकला
आणि उभे राहिले.

तरुण व्यापारी बघत राहिले. एकानं फोटो काढला.
कापडाखाली दुसरा हात येईना.
ती बोटांची भाषा येणारा
यार्डात एकही उरला नव्हता,
आणि एकट्या यंत्राला
कितीही पत्ता द्या, ते नेटवर्क होत नाही.

मीच हात घातला.
त्यांनी दोन बोटं दाबली, पेरावर टिचकी.
"समजलं?"
या वेळी मी हो म्हणालो.
खोटं. त्यांनाही कळलं असावं,
हात लगेच सोडला नाही.

मग मी खड्ड्यात उतरलो.
चिखलातून केसाहून बारीक काच वर काढली,
पुसली, दोन टोकं समोरासमोर धरली.
बोटं पिवळीच होती.
मशीननं जोड दिला
आणि पडद्यावर आकडा आला:
नुकसान, शून्य पूर्णांक शून्य दोन.