जांभळी पिशवी

लिहायचं स्लेथवेट, म्हणायचं स्लॉइट.
पहिल्या आठवड्यात या गावाने मला एवढंच शिकवलं.
दुसरं आज, पहाटे चारला, सात नंबरच्या खोलीत,
आर्मिटेज आजोबांच्या खाटेला
अडकवलेल्या पिशवीने.

संध्याकाळी ती पिवळी होती.
आता वांग्याच्या सालीची.
नाही, जांभळं खाऊन आरशात काढलेल्या जिभेची.
नळीसुद्धा.

पट्टी बुडवली.
आम्लाचा मागमूस नाही.
खालचा चौकोन गुलाबी: आत बसून कुणीतरी
नायट्रेटमधला प्राणवायू खुडतंय,
आणखी कुणी युरिया फोडतंय,
त्याचा अमोनिया माझ्या डोळ्यांत.

डॉक्टरीणबाई फोनवर जांभई देत म्हणाल्या,
"घाबरू नका. जेवणातलं ट्रिप्टोफॅन
आतड्यातल्या जंतूंनी मोडलं,
यकृताने त्यावर गंधकाची टोपी चढवली,
पिशवीतल्या जंतूंनी ती उडवली.
मग हवा लागली की नीळ होते.
ताप नाही ना? नळी-पिशवी बदला.
आणि पोट कधी साफ झालं होतं ते बघा."

पाच दिवस. लिहून ठेवलं.

नीळ.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातून आई घरी आली
की गणवेशासाठी बादलीत पुरचुंडी फिरवायची.
हात घालू नकोस, म्हणायची,
नखं आठवडाभर चहाड्या करतील.

आजोबा जागेच होते.
"दिव्यापाशी धर."
एकेचाळीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात काढलेला माणूस.
"आजी सांगायची, तिच्या लहानपणी दाराशी मडकं असे.
घरभराचं मूत. गिरणीचा माणूस येऊन न्यायचा.
शिळं हवं, चांगलं उग्र झालेलं.
लोकर त्यात धुवायची, नीळ त्यात विरघळायची.
बादलीला पेनी. चॅपलवाल्यांना थोडं जास्त,
ते बिअर पीत नसत."

मग डावा डोळा मिटून पिशवी पारखली.
"तांबडं जास्त झालंय.
असं ठाण मी परत पाठवलं असतं."

हसावं की नोंद करावी, कळेना.
तांबडं होतंच त्यात.
नंतर वाचलं, त्याचं नाव इंडिरुबिन,
निळीची सावत्र बहीण, त्याच हांड्यातली.

नवी पिशवी लावली.
बऱ्याच वेळाने नळीतून थेंब उतरले,
पिवळे, कुणाचेही असावेत असे.
मी म्हटलं, बघा, झालं ना नीट.

"थांब पोरी," ते म्हणाले,
"हवा लागू दे."