एक जून

रेक्सममध्ये, टेकडीच्या उतारावरच्या दवाखान्यात
ग्वेंडा नर्स माझी पुढची दहा वर्षं बघते आहे.
हात नाही बघत. दंडाला पट्टा आवळते,
बोटातून थेंबभर घेते,
पोस्टकोडसुद्धा विचारते.
कुठल्या गल्लीत राहतो, तेही लागतं म्हणे काळजाला.

सिगारेट? सोडली, मुलगी झाली तेव्हा.
डायबेटिस? अजून नाही.
मग स्क्रीनवरून नजर न काढता :
"वडिलांना साठीच्या आत
हार्टचं काही झालं होतं, मिस्टर गोरपेड?"

सवयीनं 'नाही' म्हणालो.
सात पूर्णांक एक टक्का. ग्वेंडा हसली.
उठता उठता म्हणालो, थांबा.

कागदावर अण्णा एकसष्टाव्या वर्षी गेले.
पण कागद चिपडे गुरुजींचा.
थोरल्याच्या मागं मागं शाळेत आलेलं चार वर्षांचं पोर
घरी जाईना, रडं थांबेना,
डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता येईना,
तेव्हा गुरुजींनीच बोटं ओढून कानाला टेकवली
आणि लिहिलं : वय सहा पूर्ण. जन्म एक जून.
अर्ध्या गावाचा वाढदिवस त्यांनी एकाच दिवशी उरकला होता.
आजीचा हिशेब वेगळा :
ओढ्याकाठचा आंबा उन्मळला, त्या साली, पेरणीनंतर.
त्या आंब्याचा दाखला कुठून आणू?

एसटीनं कागद धरला.
डेपोच्या स्टोअरमधून अठ्ठावन्नला नारळ दिला,
छप्पन्नचा माणूस शाल पिशवीत कोंबून घरी आला.
तीन वर्षांनी, एका सकाळी,
अर्ध्या गालावर साबण तसाच.

हे सगळं इंग्रजीत कसं सांगणार.
एवढंच म्हणालो : एकोणसाठ. फिफ्टी-नाइन.
तिनं एका चौकोनात खूण केली
आणि आकडा अकरा पूर्णांक चारवर गेला.
कुठल्याशा सरकारी नोंदीत
अण्णांचं खरं वय पहिल्यांदाच लागलं होतं.

रोज रात्री एक गोळी, ग्वेंडा म्हणाली.
एक कागद दिला, त्यावर शंभर गोल चेहरे,
अकरा लाल. "तुमच्यासारखे शंभर," म्हणाली,
"कोण कुठला, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही."
आणि तुमच्या काळजाचं वय साठ.

मी एक्कावन्नचा. काळीज साठीचं.
अण्णांच्या दोन वयांच्या बरोबर मध्ये जाऊन बसलेलं.

बसस्टॉपवर कागद पुन्हा उघडला.
अकरा दिसतात. पॉइंट चार दिसत नाही.
पॉइंट चार माणूस म्हणजे केवढा?
असेल, चार वर्षांचा असेल,
कानापर्यंत हात न पुरणारा.

पट्ट्याचा वळ अजून दंडावर होता.
तोच हात डोक्यावरून नेला.
पुरला.
शेजारच्या बाईंनी छत्री जरा पलीकडे सरकवली.