ह गिळणारी माणसं

बाणेरला अकराव्या मजल्यावर
दर गुरुवारी साडेपाचला मी मराठी शिकवते.
माझं नाव हेमलता. तिथं मी एमलता.
फ्रेंच माणसं ह गिळतात.
हत्ती अत्ती, हळद अळद,
हवा नुसतीच अवा.
पहिल्या महिन्यात मी त्यांच्या तोंडापुढे मेणबत्ती धरली,
म्हटलं, ह म्हणा, ज्योत हलली पाहिजे.
बर्त्रांनं फुंकून विझवली
आणि विजयानं म्हणाला, "अवा!"

धडा अर्धा तास. मग बसणं.
चाकणच्या कंपनीनं आणलेली सात घरं,
एक बेल्जियन जोडपं,
आपण फ्रेंच नाही हे ते गुरुवारातून एकदा सांगतंच,
आणि हायके, जर्मन, जिला ह येतो
आणि येतो हे सगळ्यांना माहीत असावं असं वाटतं.

बोलणं पावाचं.
कॅम्पातल्या कुठल्या बेकरीत बरा मिळतो,
आणि बरा म्हणजे तरी काय.
कुणाच्या कामवालीनं पॅरिसहून आणलेलं चीज
वास मारतंय म्हणून कचऱ्यात टाकलं
(मी गप्प; मीही टाकलं असतं).
नोंदणीच्या रांगेत, चौथ्या झेरॉक्सला, कोण रडलं.
मारीसनं दोन हजार जास्त देऊन
ओदिलचा ड्रायव्हर पळवला, तेव्हापासून दोघी
एकाच सोफ्याच्या दोन टोकांना,
आणि निरोप माझ्यामार्फत, मराठीत:
"तिला सांगा, मीठ द्या."
"द्यायला सांगा," मी दुरुस्त करते.
कर्वेनगरला आमच्या सोसायटीत
पाण्याच्या टाकीवरून अकरा वर्षं अबोला आहे,
त्यामुळे मला इथं परकं असं वाटत नाही.

दर जूनला कुणीतरी जातं.
वस्तूंवर चिकटपट्टीनं किमती:
कुकर चारशे, सायकल बावीसशे, कुंड्या फुकट.
फक्त चीज वितळवायची ती विजेची शेगडी विकायची नसते.
जाणाऱ्यानं राहणाऱ्याला द्यायची,
पोटाखाली पेनानं नाव लिहून.
नादेज, गिलेम, मग एक पुसट, मग यान आणि मुलं.
यंदा सोलेन निघाली
तेव्हा कंपनीचीच तीन घरं आवरत होती,
हायकेला ती नको होती,
बेल्जियनांकडे त्यांची स्वतःची.
"एमलताताई, तुम्ही राहणार ना?"
मी राहणारच. कुठं जाणार?

रिक्षात मांडीवर घेऊन आणली.
आठ चिमुकली पातेली, भातुकलीसारखी.
एकात मी लसणीचं तिखट परतते.
बाकी सात घासून, पुसून, एकात एक.
नाव लिहिलं ते ह सकट.

नोव्हेंबरात सोलेनचा आवाज आला, फोनवर, दीड मिनिटाचा.
तिच्या गावाचं नाव मला लिहिता येतं, म्हणता येत नाही;
त्यात मलाच काहीतरी गिळावं लागत असणार.
सांगत होती,
घरच्यांना पुण्याची गोष्ट दोन वाक्यांपर्यंतच पुरते,
मग ते दाराचा रंग, मामाचं गुडघ्याचं ऑपरेशन.
गावात म्हातारे इंग्रज आहेत, पेन्शनवाले,
गुरुवारीच जमतात, चर्चसमोरच्या कॅफेत,
दुधाला, प्लंबरला, कागदपत्रांना नावं ठेवतात.
ती त्यांच्यात जाऊन बसते.
स्वतःच्या गावात.

आणि मग, दम घेऊन,
ज्योत हलेल इतका जोर लावून,
जिथं ह नव्हताच तिथंही ह घालत,
"हेमलताताई, हितं थंडी हाय."

आमच्या गेटवरचा भोरचा खंडू असंच म्हणतो.
पालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं
मी हितं खोडून इथं लिहिलं,
लाल शाईनं, शेकडो वह्यांत.
दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा शेजारणीला ऐकवलं.
मग बटण दाबून धरलं
आणि म्हटलं,
"हितंबी हाय, सोलेन. कालपासनं."