हवा विरळ आहे म्हणून

एल आल्तोत गाडी आचके द्यायला लागली
की सगळे हवेवर खापर फोडतात.
चार हजार मीटर उंची, इंजिनालाही धाप लागणारच,
असं युनियनमधल्या तिघांनी सांगितलं,
चौथ्याने प्लग बदलायला लावले,
पाचव्याने पेट्रोलला शिव्या घातल्या,
मी पैसे देत गेलो.

कासिमिरा तिकोनाने काहीच सांगितलं नाही.
गोल टोपी काढून बॅटरीवर ठेवली,
कोकाची पानं एका गालात सारली.
कुठे आचकते?
मी म्हटलं, सगळीकडे.
सगळीकडे काही आचकत नसतं, फाउस्तिनो. नीट आठव.

आठवलं. कबरस्तानाच्या वरचा चढ,
दुसरा गियर,
पेडल अर्धंही दाबलेलं नसतं तेव्हा.

तिने किल्ली फिरवायला लावली, इंजिन बंदच.
थ्रॉटलला चिकटलेली काळी डबी,
तिच्या मधल्या तारेत मागून टाचणी सरकवली
आणि फडक्यात गुंडाळलेला काट्याचा मीटर काढला.
आकड्यांचा मीटर खोटं बोलत नाही, म्हणाली,
पण मध्येच डुलकी घेतो.
हं, दाब. सावकाश.
झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतोस तसा.

अर्धा व्होल्ट.
एक.
दीड.
काटा शहाण्यासारखा चढत होता
आणि दीडच्या जरा पुढे
धपकन शून्य.
लगेच पावणेदोन, जसं काही घडलंच नाही.
परत, ती म्हणाली. परत तिथेच.
तारा हलवून पाहिल्या, अर्थिंग पाहिलं,
पाच व्होल्ट येत होते ते येतच होते.
मग कुठे म्हणाली,
हवेला सोड आता बिचारीला.

डबी उकलली तर आत
बोटाच्या पेराएवढी वाकडी काळी पट्टी,
एकाच जागी घासून पांढरी पडलेली.
अकरा वर्षं, दिवसाला नऊ फेऱ्या,
तोच चढ, तेवढाच दाब.
माझा उजवा पाय तिथे उभा होता.
पुढची, पूर्ण दाबायची जागा
कोरी करकरीत.
तिथवर मी कधी गेलोच नव्हतो.

नवीन डबी एकशे ऐंशीला. मी दीडशे म्हटलं.
एकशे सत्तरला तुटलं, आणि जुनी मी मागून घेतली,
कशाला ते तिने विचारलं नाही.

संध्याकाळी, भरल्या गाडीनिशी, तो चढ.
पाय त्या जागेवर आला तसा मी श्वास धरला.
मागे रोजची ती बटाटेवाली,
तिनेही पोरीला कवेत घट्ट ओढलं,
सवयीनं.
गचका आला नाही.
आरशात आमची नजरानजर झाली
आणि पुढचं वळण येईस्तोवर
दोघंही वाट बघत राहिलो.