बेचाळीस जागा

मी टॉवेलचा हिशेबनीस, हलकुडे.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
ताण्याचं सूत, बाण्याचं सूत, रंगातली घट,
आणि शनिवारी मजुरीची पाकिटं.
मालक राजमौळी कुरापाटी. त्यांचा धाकटा, श्रीनिवास,
हैदराबादहून विमान घेऊन आला.
विमान म्हणजे विमानाचं चित्र.
खरं होतं परदेशातल्या कुणाचं,
भाडं डॉलरमध्ये, उडो न उडो.

"काय हलकुडे, होतंय की नाही?"
कागदावर होतंय, मी म्हटलं.
बेचाळीस जागा. एकतीस भरल्या तर इंधन आणि भाडं निघतं,
चौतिसाव्या माणसाच्या तिकिटावर आपला चहा.
तो हसला. "अहो, इथून रोज रात्री
पुण्या-मुंबईला किती बस सुटतात, मोजल्यात?"
मोजल्या होत्या.
साखरेच्या यंत्रांचे विक्रेते मोजले, हृदयाचे डॉक्टर मोजले,
लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया मोजल्या.
बसमधल्या माणसाला घाई आहे का,
हे मात्र कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना.

म्हातारे मालक चष्मा पुसत म्हणाले,
विमान म्हणजे धोटाच की रे.
इकडून तिकडं, तिकडून इकडं.
रिकामा आला तरी मागाला वीज लागतेच.
मग तेलुगूत मोजत बसले, ओकटी, रेंडू, मूडू,
आणि चेकवर सही केली.

परवान्याला चौदा महिने.
तेवढ्यात एक वैमानिक सोडून गेला, दोन पगार वाढवून राहिले.
धावपट्टीशेजारी कोंबड्यांची आतडी टाकणाऱ्यांपुढं
मीच हात जोडून आलो,
कारण वर घारी, आणि घारींना वेळापत्रक नसतं.
नाव ठरलं 'भुईकोट एअर'.
उडणाऱ्या वस्तूला भुईवरच्या किल्ल्याचं नाव!
माझ्या लक्षात आलं. मी गप्प.

पहिल्या दिवशी बंबांनी
विमानावर पाण्याची कमान धरली. टाळ्या, पेढे.
आमच्या शेळगीत नळ कोरडा असण्याचा तो पाचवा दिवस.
बायको कानाशी म्हणाली, एक घागर तरी भरून घेतली असती.
मी हसलो नाही. मी लिटर मोजत होतो.

वर गेलो तेव्हा मात्र, खोटं कशाला सांगू,
होटगीचा तलाव ताटलीएवढा दिसला,
आणि पूर्व भागातले पत्रे,
ज्यांच्याखाली बसून मी कधी वर बघितलं नव्हतं.
शेजारी विडी कारखान्यातल्या अंबुबाई चिप्पा,
सोडतीत तिकीट लागलेल्या.
"परतीचं यातच की?" त्यांनी विचारलं.
मी कागद उलटून पाहिला.
सोडत एकाच बाजूची होती.

न विकलेला टॉवेल गोदामात पडून राहतो,
दिवाळीला जातो, लग्नसराईला जातो, फार तर कुबट वास येतो.
न विकलेली जागा दार लागताच मरते.
रोज संध्याकाळी मी अशा अकरा, तेरा, एकोणीस
लिहीत गेलो, साध्या निळ्या शाईनं.
जागांचा तक्ता जॅकार्डच्या पुठ्ठ्यासारखा दिसे,
जिथं माणूस तिथं भोक.
भोकं कमी पडली की नक्षी उमटत नाही.

सातव्या महिन्यात डॉलर चढला.
नवव्यात दुसऱ्या कंपनीनं त्याच वाटेवर
आमच्या निम्म्यात तिकिटं काढली.
आम्ही थांबलो. मग तेही थांबले.
विमान परत गेलं, रिकामं, बेचाळीसच्या बेचाळीस.

उरलं काय, तर सहा हजार नॅपकिन,
आमच्याच मागावरचे, कोपऱ्यात लहानसा बुरूज, त्याला पंख.
ते मात्र खपले.
परवा सात रस्त्याला भजी खाल्ली,
पोरानं हात पुसायला तोच दिला.
धुऊन धुऊन बुरूज गेलाय, पंख तेवढे राहिलेत.
रंग पक्का. तो मीच पास केला होता,
किलोमागे चाळीस रुपये जास्त देऊन.