आकडा किती?

नागाओकात बर्फ वितळवायला
रस्त्याच्या पोटातून पाणी उडवतात.
पाण्यात लोह फार. डांबरसुद्धा
विटकरी होऊन बसलंय.
जिथे रस्त्यालाच गंज चढतो
तिथे मी पन्नास वर्षांची फेअरलेडी पाळलीय.
यावर लोकांना जे बोलायचं होतं
ते बोलून झालंय.

नोव्हेंबर ते मार्च ती पत्र्याच्या शेडमध्ये,
बॅटरी घरात, जिन्याखाली,
जिथे पूर्वी मांजर निजायचं.
पंधरवड्याला जाऊन मी तिला
पाव फेरा पुढे ढकलतो,
आजाऱ्याची कूस बदलावी तशी.

हे डॉक्टर होशिनांनी शिकवलं.
गाडी त्यांची. हिच्यातून ते
खेड्यांत रोगी बघायला जात.
भातखाचरांच्या बांधावर ते लांबडं नाक वळलं
की म्हाताऱ्या म्हणायच्या,
आवाजानेच निम्मा ताप उतरला.
नजर अधू झाली तेव्हा किल्ली मला दिली,
मी सानजोच्या कारखान्यात
पकडींचे जबडे घासणारा.
पैसे तीन हप्त्यांत.
तिसरा त्यांनी मागितला नाही.
अट एकच: नववर्षाला त्यांचं कार्ड येईल,
मी उत्तर द्यायचं.
कार्डावर शुभेच्छा नसत, सालाचा प्राणी नसे.
एवढंच: आकडा किती?

पहिल्याच उन्हाळ्यात
बॅटरीखालच्या पत्र्यातून माझं बोट आरपार गेलं.
मागच्या दाराचं रबर आटलेलं,
धूर आत यायचा, बोगद्यात डोळे चुरचुरायचे.
दोन कार्बोरेटर, भाऊबंदकी असल्यासारखे.
तोदोकोरो मिस्त्री रबरी नळी कानाला लावून
आळीपाळीने दोघांचा श्वास ऐकायचा,
मग नळी माझ्या कानात:
सांग, कोण जास्त ओढतोय?
मला चार वर्षं कळलं नाही.

तेरा वर्षं उलटलेल्या गाडीवर सरकार कर वाढवतं,
दर दोन वर्षांनी तपासणी, दर तपासणीला पदरमोड.
नात्सुए म्हणाली,
एवढ्यात दुसरी बाई ठेवली असतीस
तर तिने निदान स्वयंपाक केला असता.
आणि त्याच हिवाळ्यात तिने
ड्रायव्हरच्या सीटची उसवलेली शिवण घातली,
माशाच्या गळाच्या दोऱ्याने.
टाके मोजले नाहीत म्हणाली.
म्हणजे मोजले होते.

एकदा इंजिन एकोणीस महिने
उघडं पडून होतं, एका गॅस्केटपायी.
त्या नववर्षाला मी खोटं लिहिलं:
मागच्या आकड्यात तीनशे मिळवून.
पुढच्या वर्षी कार्ड आलं:
खरा आकडा किती?
मी खरा लिहिला. त्यांनी विषय वाढवला नाही.

वर्षागणिक त्यांचं अक्षर मोठं होत गेलं.
शेवटी शेवटी एका कार्डावर
एकच शब्द मावायचा. किती.

मग एका नोव्हेंबरात
करड्या काठाचं कार्ड, अनोळखी अक्षरात:
घरात दुखवटा आहे,
यंदा नववर्षाची देवाणघेवाण नाही.

एप्रिलमध्ये रस्ते धुतले गेल्यावर
मी गाडी घेऊन गेलो.
सुनेने दार उघडायच्या आधीच म्हटलं,
आवाज ओळखला.
चहाबरोबर बिस्किटांचा डबा आणून ठेवला.
त्यात माझी तेहतीस कार्डं.
प्रत्येकावर पेन्सिलीने वजाबाकी:
त्या वर्षी ती किती चालली.
४,१८०. ३,६६०.
खोट्या वर्षाखाली कोरी जागा.
मग आकडे उतरत गेलेले,
माझे गुडघे, महागडं पेट्रोल, पावसाची भीती,
पत्रा जपायचा म्हणून घरीच ठेवलेली.
अखेरच्या कार्डाखाली २१२,
पेन्सिल दाबून, कागद फाटेपर्यंत,
आणि शेजारी काही नाही.

सुनेने विचारलं, हे कसले हिशेब?
म्हटलं, औषधाचे.

घर सरळ रस्त्याने वीस मिनिटांवर.
आभाळ भरून आलं होतं.
मी डोंगराकडून गेलो.